शाळांचे मोजमाप आणि प्रतवारी



आजचा विषय रोजच्या व्यवहारातला आहे. आपल्या गावातली, आपल्या वॉर्डातली शाळा चांगली आहे की नाही, हा प्रश्न प्रत्येक आईबापाला पडतो. पूर्वी त्याचे उत्तर मास्तरांच्या लौकिकावरून मिळत असे. अमुक गुरुजींच्या हाताखालून गेलेला मुलगा कुठे अडत नाही, एवढे चारचौघांत ऐकू आले की पुरे होई. आता हे उत्तर कोष्टकांतून मिळू लागले आहे. शाळांना श्रेणी मिळतात, जिल्ह्यांना गुण मिळतात, राज्यांचे क्रम लागतात आणि ते क्रम वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर छापले जातात.

या कोष्टकांना केवळ कुतूहलाचे विषय मानून चालणार नाही. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १३०० शाळा बंद करून तेथील मुले जवळच्या शाळांत घालण्याचा निर्णय केला. कमी पट आणि कमी गुणवत्ता अशी कारणे त्या वेळी सांगण्यात आली. पट मोजणे सोपे आहे. हजेरीपट उघडला की आकडा समोर येतो. पण गुणवत्ता कशी मोजली, कोणी मोजली आणि ते माप कितपत भरवशाचे होते, हे ज्या वाडीतली शाळा उठली त्या वाडीला विचारण्याचा अधिकार आहे. तो प्रश्न नीट विचारता यावा, एवढ्याचसाठी आज हा विषय घेतला आहे.

सार्वजनिक शाळा म्हणजे लोकांच्या पैशावर चालणारी शाळा, एवढाच अर्थ आपण धरू. जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची, महानगरपालिकेची आणि अनुदानावर चालणारी खाजगी, अशा सगळ्या शाळा त्यात आल्या. पैसा लोकांचा असल्यामुळे त्याचा हिशेब लोकांना मिळाला पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. वाद आहे तो हिशेबाच्या पद्धतीबद्दल.

निकालावर अनुदान

हा वाद नवा नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल कमिशनचा अहवाल १८६१ साली प्रसिद्ध झाला आणि सरकारी मदत घेणाऱ्या शाळांतली पुष्कळ मुले साधे वाचन-लेखनही नीट शिकत नाहीत, अशी तक्रार पुढे आली. शिक्षणखात्याचा कारभार तेव्हा रॉबर्ट लो यांच्या हाती होता. त्यांनी १८६२ मध्ये नवे नियम आणले. सहा वर्षांवरील मुलामागे हजेरीबद्दल शाळेला ४ शिलिंग मिळावयाचे. वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांबद्दल ८ शिलिंग ठेवले होते. इन्स्पेक्टराने वर्षातून एकदा येऊन प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यावयाची आणि मूल एका विषयात नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापून घ्यावयाचे. ही व्यवस्था स्वस्त तरी ठरेल नाहीतर कार्यक्षम तरी ठरेल, असे लो यांनी पार्लमेंटात सांगितले होते. यांपैकी स्वस्ताई लगेच दिसू लागली. नवे नियम येण्यापूर्वी सरकारी मदत ८ लाख पौंडांच्या वर होती. १८६५ साली ती साडेसहा लाखांच्या आत आली.

कार्यक्षमतेचे काय झाले, हे सांगणारा साक्षीदार मोठा आहे. कवी आणि समीक्षक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते मॅथ्यू अर्नोल्ड १८५१ पासून शाळांचे इन्स्पेक्टर होते. त्यांनी आपल्या सरकारी अहवालांतच लिहून ठेवले की चतुराईने तयारी करून घेतली तर मुलाला खरे वाचन, लेखन आणि गणित न येताही तो या तिन्ही परीक्षांतून पार पडू शकतो. परीक्षेसाठी नेमलेले वाचनाचे पुस्तक वर्षभर इतक्या वेळा घोकले जाई की ते मुलांना पाठच होई. पुस्तक हातात धरून मूल घडाघडा म्हणते आणि साहेबाला ते वाचनच वाटते! इतिहास, भूगोल यांसारख्या ज्या विषयांना पैसे नव्हते, ते मागे पडले. हुशार मुलाला अधिक पुढे नेण्यात शाळेचा लाभ नव्हता, कारण त्याचे ८ शिलिंग आधीच पदरात पडलेले असत. ही पद्धत तीसएक वर्षे चालली आणि १८९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने सोडून देण्यात आली. एडमंड होम्स हे इन्स्पेक्टरांचे प्रमुख म्हणून काम केलेले गृहस्थ. त्यांनी निवृत्तीनंतर १९११ साली एक पुस्तक लिहून त्या पद्धतीचे वाभाडे काढले.

इंग्लंडात जे रूढ होई ते आपल्याकडे यायला वेळ लागत नसे. मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना अनुदान देताना हेच निकालाचे तत्त्व १८६० च्या दशकात लागू झाले. १८८२ साली हंटर कमिशन आले तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्यापुढे निवेदन केले. निकालावर पैसे देण्याची रीत अशिक्षित समाजात शिक्षण पसरविण्यास उपयोगी नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. ज्या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, त्यांच्यात स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढावयास कोण मास्तर जाईल? त्याचे पोट त्यावर भरणार नाही. म्हणून गोडी निर्माण होईपर्यंत तेथे सरकारी शाळा आणि विशेष उत्तेजनच हवे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. निकाल मोजून पैसे दिले की ज्यांचे निकाल चांगले लागण्याची शक्यता आधीपासून आहे, तिकडे पैसा वाहतो. ज्याला अधिक मदत हवी त्याला ती कमी मिळते. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ साली झालेल्या शिक्षणविषयक ठरावाने ही पद्धत सोडण्याचे धोरण स्वीकारले. फुले यांनी आपला आक्षेप त्याच्या बावीस वर्षे आधी नोंदवून ठेवला होता.

माप चुकते कोठे?

आता हे माप कोठे चुकते, ते क्रमाने पाहू. अडचणी मुख्यतः तीन आहेत.

पहिली अडचण अशी की, मुलाचे गुण ही एकट्या शाळेची कमाई नसते. १९६६ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ४००० शाळांतील सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती त्यासाठी गोळा केली होती. शाळाशाळांच्या इमारती, पुस्तके आणि खर्च यांतील फरकांपेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीतील फरकांचा त्याच्या गुणांशी अधिक निकट संबंध आहे, असे त्यात दिसून आले. यावरून काहींनी शाळेमुळे काही फरकच पडत नाही असा निष्कर्ष काढला, तो चूक होय. योग्य निष्कर्ष एवढाच की नुसते अंतिम गुण पाहून शाळेचे काम कळत नाही.

आपल्या मुलखातला दाखला द्यावयाचा तर जमीनमहसुलाचा देता येईल. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली, तेव्हा आधी जमिनीची प्रतबंदी केली. माती काळी की मुरमाड, थर किती खोल, हे पाहून तिची प्रत आण्यांत ठरविली आणि मग सारा बसविला. काळ्या कसदार रानाचे पीक आणि माळावरचे जिराईत पीक एकाच मापाने तोलू नये, एवढे शेतसारा वसूल करणाऱ्यांनाही कळत होते. शाळांचे क्रम लावताना मात्र ही प्रतबंदी बहुधा केलीच जात नाही. ज्या मुलाची आई घरी त्याला गोष्ट वाचून दाखवते ते मूल, आणि दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येणारे मूल, ही दोन्ही एकाच कोष्टकात एकाच ओळीत बसविली जातात.

यावर उपाय म्हणून अंतिम गुणांऐवजी प्रगती मोजावी असे पुढे आले. समजा, शहरातल्या एका शाळेत मुले सरासरी ६० गुणांवर आत आली आणि ७० वर बाहेर पडली. डोंगरातल्या एका शाळेत ती २० वर आत आली आणि ४५ वर बाहेर पडली. अंतिम गुण पाहिले तर पहिली शाळा वर. भर किती घातली ते पाहिले तर दुसरी वर. इंग्लंडने २००६ पासून मुलांची घरची परिस्थितीही हिशेबात धरून अशी आकडेमोड सुरू केली. पण गरीब मुलांकडून कमीच अपेक्षा ठेवावयाची असा तिचा अर्थ होतो, या आक्षेपामुळे काही वर्षांतच ती सोडून देण्यात आली. २०१६ पासून तेथे पूर्वीच्या गुणांशी तुलना करून प्रगती मोजण्याची नवी रीत आली. म्हणजे परिस्थिती न धरावी तर शाळेवर अन्याय होतो, आणि धरावी तर मुलावर. ही अडचण गणिताने पूर्ण सुटणारी नाही.

दुसरी अडचण लहान संख्येची. पाचवीत दहाच मुले असलेली शाळा घ्या. यंदा सात मुलांना वाचता आले, म्हणजे ७० टक्के. पुढील वर्षी पाचच मुलांना आले, म्हणजे ५० टक्के. कागदावर शाळा वीस टक्क्यांनी घसरली! प्रत्यक्षात फरक दोन मुलांचा आहे. त्यातले एक परीक्षेच्या दिवशी तापाने आजारी असेल आणि दुसरे नुकतेच परगावाहून आलेले असेल. दोनशे मुलांच्या शाळेत वीस टक्के घसरण व्हावयाची तर चाळीस मुले मागे पडावी लागतील, आणि तसे योगायोगाने घडत नाही. नाणे दहा वेळा उडवले तर सात वेळा छाप येणे नवलाचे नाही. दोनशे वेळा उडवून एकशे चाळीस वेळा छाप आली तर नाणे खोटे म्हणावे लागेल. म्हणून कोणत्याही यादीत अगदी वर आणि अगदी खाली लहान शाळांचीच गर्दी दिसते. वरच्यांचा सत्कार होतो, खालच्यांना नोटीस जाते आणि पुढच्या वर्षी दोघींच्या जागा बदललेल्या आढळतात. आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा हजारोंनी आहेत. त्यांच्या बाबतीत एका वर्षाच्या टक्केवारीवरून केलेला निर्णय हा निर्णयच नव्हे.

तिसरी अडचण सर्वांत घातक आहे. मापावर बक्षीस किंवा शिक्षा अवलंबून ठेवली की माप स्वतःच बिघडू लागते. डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हा नियम मांडला. निर्णयासाठी एखाद्या आकड्याचा जितका अधिक वापर होईल तितके त्या आकड्यावर भ्रष्ट होण्याचे दडपण वाढते आणि ज्या कामावर नजर ठेवण्यासाठी तो काढला ते कामही बिघडते, असा त्याचा आशय आहे. अर्नोल्ड यांनी वर्गात पाहिले ते हेच.

अमेरिकेचा अनुभव

या नियमाचा मोठा पडताळा अमेरिकेत आला. तेथे एकही मूल मागे राहू नये अशा नावाचा कायदा २००२ च्या जानेवारीत अमलात आला. हेतू चांगला होता. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांचे निकाल सरासरीखाली झाकले जात. ते वेगळे दाखविणे शाळांना भाग पडले, आणि हा त्या कायद्याचा खरा लाभ मानला पाहिजे. तिसरी ते आठवीपर्यंत दर वर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा घ्यावयाची आणि २०१४ पर्यंत सर्व मुले ठरलेल्या पातळीवर आणावयाची, असे बंधन घातले होते. अपयशी शाळांवर वाढत्या क्रमाने कारवाई ठेवली होती. मात्र ती पातळी कोणती, हे प्रत्येक राज्याने स्वतःच ठरवावयाचे होते!

परिणाम अनेक झाले. काही राज्यांनी पातळीच खाली ओढली. अनेक शाळांत परीक्षेत नसलेल्या विषयांचे तास कमी झाले. उत्तीर्णतेची रेषा एकच असली की शिक्षकाचे लक्ष रेषेच्या जवळपास असलेल्या मुलांकडे जाते. तीस मुलांच्या वर्गात बारा रेषेवर सुखरूप आहेत, आठ रेषेच्या तोंडाशी आहेत आणि दहा फार खाली आहेत असे समजा. त्या आठांवर मेहनत घेतली की टक्केवारी वाढते. खालच्या दहांवर घेतलेली मेहनत कोष्टकात दिसतच नाही. ज्यांच्यासाठी कायदा केला, ती मुले या दहांतच असतात.

शेवटी फसवणूक आली. जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात २००९ च्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकांवर खोडून बरोबर केलेल्या उत्तरांची संख्या संशयास्पद आढळली. राज्याच्या चौकशीचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार झाल्याचे आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यात गुंतल्याचे त्यात म्हटले होते. २०१५ साली त्यांतील ११ जण न्यायालयात दोषी ठरले. त्यांच्या अपराधाचे समर्थन कोणी करू नये. पण शाळाच्या शाळा जेव्हा एकाच मार्गाने घसरतात, तेव्हा त्या मार्गाचा उतारही तपासला पाहिजे. २०१५ च्या डिसेंबरात तो कायदा बदलून दुसरा करण्यात आला.

आपल्याकडील गुणपत्रक

आपल्या देशात केंद्र सरकारने २०१७-१८ या वर्षापासून राज्यांच्या शालेय कामगिरीचा श्रेणी-निर्देशांक सुरू केला. एकूण गुण १०००, निकष ७०. या हजार गुणांची वाटणी मोठी बोलकी होती. शासनव्यवहार आणि प्रशासन यांना ३६०, समतेला २३०, अध्ययनाच्या फलश्रुतीला म्हणजे मुलांना प्रत्यक्ष काय येते याला १८०, इमारती व सोयींना १५० आणि मुले शाळेत येण्याला ८०. कारभाराच्या कागदांना, मुलाला काय आले याच्या दुप्पट वजन! २०२०-२१ साली महाराष्ट्राला या मापाने हजारांपैकी ९२८ गुण मिळाले आणि केरळ व पंजाब यांच्या बरोबरीने आपले राज्य अग्रभागी आले. पुढच्याच वर्षी निर्देशांकाची घडण बदलली, शिकण्याचे वजन वाढले आणि महाराष्ट्राचे गुण सहाशेच्याही खाली गेले. एका वर्षात राज्यातल्या शाळा एवढ्या बिघडल्या नव्हत्या, आणि त्याआधी त्या तितक्या उत्तमही नव्हत्या. बदलली ती फूटपट्टी. निरनिराळ्या वस्तूंची बेरीज करून एकच आकडा काढला की कशाला किती वजन द्यावयाचे हे कोणीतरी ठरवावेच लागते. क्रम वाचताना आपण पुष्कळदा त्या वजनांचाच क्रम वाचत असतो.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहा. 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी सुरू केली. तिची रीत अगदी साधी आहे. ग्रामीण जिल्ह्यांतील नमुन्यादाखल निवडलेल्या गावांत स्वयंसेवक घरोघर जातात आणि मुलाला अक्षरे, शब्द, पहिलीचा एक परिच्छेद आणि दुसरीची एक गोष्ट वाचावयास देतात. थोडी वजाबाकी आणि भागाकार घालतात. पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हे कटू सत्य या पाहणीने देशापुढे ठेवले. ते पुढे येऊ शकले याचे एक कारण असे की, या पाहणीत कोणत्याही शाळेचा क्रम लागत नाही, कोणाचे अनुदान कापले जात नाही आणि कोणा शिक्षकाची बदली होत नाही. खोटे बोलण्यात कोणाचाच फायदा नसल्यामुळे आकडा खरा राहतो.

मग करावे काय?

यावर कोणी म्हणेल, मग मोजूच नये की काय? तसे मुळीच नाही. न मोजण्याचा फायदा नेहमी कामचुकारांना मिळतो आणि त्याचा भार गरिबाच्या मुलावर पडतो. शहाणपण याच्यात आहे की, तीन वेगळ्या कामांसाठी तीन वेगळी मापे वापरावी.

पहिले काम म्हणजे राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या शिक्षणाची एकंदर प्रकृती पाहणे. त्यासाठी प्रत्येक मुलाची परीक्षा घेण्याची गरज नाही. भाताचे शीत दाबून पाहावे तशी नमुन्याची परीक्षा पुरते, आणि तिच्यावर बक्षीस-शिक्षा ठेवू नये.

दुसरे काम म्हणजे वर्गातल्या मुलाला कोठे अडते हे शिक्षकाला कळणे. ती परीक्षा शिक्षकानेच घ्यावी, वारंवार घ्यावी आणि तिचे आकडे वरच्या कचेरीत मागवू नयेत. वर पाठवावयाचा आकडा आला की तो सजविण्याची बुद्धी होते.

तिसरे काम म्हणजे लोकांना हिशेब देणे. येथे एका आकड्याऐवजी चारपाच गोष्टी वेगवेगळ्या मांडाव्या: मुले येताना कोठे होती आणि आता कोठे आहेत, किती टिकली, शिक्षकांच्या जागा किती भरलेल्या आहेत, मुलींच्या स्वच्छतागृहाची अवस्था काय आहे. लहान शाळांचे आकडे निदान तीन वर्षांचे एकत्र धरावे. आणि कोष्टकाच्या जोडीला जाणत्या माणसाची भेट असावी. आपल्याकडे पूर्वी दिपोटी येत असे, तेव्हा शाळेला धाक असे. पण चांगला दिपोटी दिवसभर वर्गात बसून मास्तराला शिकविण्याची युक्तीही सांगून जाई. धाकापुरती भेट असली तर सडासारवण होते, सल्ल्याची असली तर सुधारणा होते. इंग्लंडच्या निरीक्षण खात्यानेही शाळेवर एका शब्दाचा शिक्का मारण्याची प्रथा २०२४ साली सरकारी शाळांपुरती बंद केली.

लोकांच्या हातीही एक साधन आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती नेमावयास सांगितले असून तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत. या समितीच्या बैठकी पुष्कळ ठिकाणी सह्यांपुरत्या होतात. त्याऐवजी पालकांनी तिथे दोनच प्रश्न धरून बसावे. तिसरीतल्या प्रत्येक मुलाला त्याने आधी न पाहिलेला मजकूर वाचता येतो का? येत नसेल तर त्या मुलांसाठी या महिन्यात शाळा काय करणार आहे? या प्रश्नांना कोष्टक लागत नाही. कोणतेही एक पुस्तक उघडून मुलाच्या हाती द्यावे आणि शेजारी बसून ऐकावे.

तात्पर्य, शाळा मोजावी ती तिला मदत कोठे हवी हे कळावे म्हणून. ज्या वाडीतली शाळा मापात खाली आली, तेथे आणखी एक शिक्षक जातो की कुलूप जाते, यावरून मोजणाऱ्याचा हेतू ओळखता येतो. १८८२ साली फुले यांनी कमिशनला हाच भेद दाखविला होता. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात शाळांचा क्रम छापून येईल, तेव्हा पहिला कोण हे पाहण्याआधी शेवटच्या शाळेला यंदा काय मिळाले, एवढे आपण विचारावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.